धुतलं तरी कण बोलतो

इराणच्या अणुकार्यक्रमाची बातमी आली की हा प्रश्न हमखास येतो, परवा आमच्या ग्रुपवरही आला: इन्स्पेक्टर यायच्या आधी सगळं घासूनपुसून लख्ख केलं तर त्यांना काय सापडणार? त्याखाली लगेच दुसऱ्याचं उत्तर, सॅटेलाइटमधून सगळं दिसतं. अहो, सॅटेलाइटला छप्पर दिसतं, छपराखाली कुठलं युरेनियम आहे ते नाही दिसत. ते कळतं सुती फडक्यावरून.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची, म्हणजे आयएईएची माणसं नवे ग्लोव्हज घालून वीतभराहून लहान, १० बाय १० सेंटिमीटरचं कापड टेबलाच्या कडेवर, पाइपच्या मागे, दाराच्या फटीत फिरवतात, पिशवीत पिशवी घालून सील करतात आणि ते व्हिएन्नाजवळच्या झायबर्सडॉर्फच्या लॅबमध्ये जातं.

आता खरी गंमत. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे हलकं आणि जड युरेनियम वेगळं काढणाऱ्या भन्नाट वेगाच्या नळकांड्यात, युरेनियम हेक्साफ्लोराइड वायू फिरत असतो, कुठल्यातरी जोडातून तो किंचित सुटतोच, हवेतल्या ओलाव्याशी रिॲक्शन होऊन त्याचे मायक्रॉनभर कण होतात आणि धुळीसारखे बसतात. एवढ्याशा कणातही शेकडो कोटी अणू. खाणीतल्या युरेनियमच्या दर हजार अणूंत साधारण ७ अणू युरेनियम-२३५ चे (हा हलका, सहज फुटणारा प्रकार; बाकी जवळजवळ सगळे जड २३८), नेहमीच्या वीज-रिॲक्टरच्या इंधनात ३० ते ५०, बॉम्बच्या मालात ९०० च्या आसपास. साबण लावा, ॲसिड ओता, वरून रंग मारा, कण कमी होतील पण जो उरला त्यातलं हे प्रमाण हलत नाही, कारण २३५ आणि २३८ चं रसायनशास्त्र जवळजवळ एकच.

आणि कण एकेकटाच मोजायचा, हे मला सगळ्यात आवडतं. अख्खं फडकं विरघळवलं आणि हजार सारख्या कणांत एकच बॉम्बच्या दर्जाचा असला, तर सरासरी ७ ची जेमतेम ८ होते, कुणाला संशयही येणार नाही. म्हणून एका कणावर आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, झोत मारतात, उडालेले अणू चुंबकी क्षेत्रातून नेतात, हलके जास्त वळतात, जड कमी, मग वेगवेगळे मोजतात. युरेनियम-२३६ दिसलं तर तो माल आधी रिॲक्टरमध्ये जाऊन आलाय, कारण निसर्गात ते जवळपास नसतंच.

२००३ मध्ये तेहरानच्या कलाये इलेक्ट्रिक वर्कशॉपमध्ये जूनला नमुने घेऊ दिले नाहीत, ऑगस्टला दिले, तोवर आत बरीच डागडुजी झालेली. तरी जास्त समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण खूप वाढवलेल्या, युरेनियमचे कण सापडलेच! इराण म्हणालं, हे बाहेरून आणलेल्या पार्ट्सवरून आले. ते पार्ट्स मूळचे पाकिस्तानचे, म्हणून आयएईएनं तिथून पार्ट्स मिळवून कण ताडून पाहिले आणि जास्त समृद्ध कणांबाबत ते म्हणणं बरंचसं जुळलं. त्यामुळे ‘कण सापडला म्हणजे बॉम्ब सापडला’ असं कुणी टीव्हीवर ओरडलं तर विश्वास ठेवू नका, पण चोरून झालेली खरेदी जगासमोर यायला ह्याच धुळीनं मदत केली.

फक्त फडकं फिरवायला आत जाऊ द्यावं लागतं. जाहीर न केलेल्या जागीही जायचा जास्तीचा हक्क देणारा ॲडिशनल प्रोटोकॉल १९९७ मध्ये आला, आणि इराणनं फेब्रुवारी २०२१ मध्ये तो पाळणं थांबवलं. मला काळजी वाटते ती ह्याची.