दुकानदार, गिऱ्हाईक आणि न मिळालेली पावती

‘घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर पुढं व्हा.’ हे वाक्य कधी ऐकलंच नाही, असं गिऱ्हाईक महाराष्ट्रात सापडणं कठीण. किराणा, हार्डवेअर, कापड, मोबाईल दुरुस्ती, दुकान कुठलंही असो. सुट्टे मागितले की हातावर गोळ्या-चॉकलेटं पडतात. बिल मागितलं की कपाळाला आठी पडते. बिघडलेली वस्तू परत नेली की भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं जातं. याचं खापर आपण सहसा स्वभावावर फोडतो: अमक्या गावचे दुकानदार तसेच, तमक्या समाजाचे असेच. मला हे निदान चुकीचं वाटतं, शिवाय समाजासमाजांत विनाकारण कटुता आणणारंही. गेल्या दीडशे वर्षांत गिऱ्हाइकाला कशी वागणूक मिळाली हे पाहिलं, तर प्रश्न बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर येऊन थांबतो. त्याला दुसऱ्या दुकानात जायची सोय होती का? आणि त्याच्या हातात लेखी काही होतं का?

एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या गावात या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. गावातला वाणी मीठ-मिरची विकायचा आणि तोच सावकारीही करायचा. तेलाचा हिशोब आणि कर्जाचा हिशोब एकाच माणसाच्या वहीत. ती वही शेतकऱ्याला वाचता येत नसे, आणि फेडलेल्या रकमेची पावतीही मिळत नसे. ज्याचं देणं डोक्यावर आहे, त्याच्याशी भावावरून किंवा मापावरून हुज्जत कोण घालणार? डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाचं घर पाडलं, तेव्हा गाव उलटलं. लोकांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानांतून माल घ्यायचा नाही, त्यांच्या शेतावर राबायचं नाही असं ठरलं. हे लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात त्याचा भडका उडाला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत लोकांनी सावकारांकडून कर्जखतं मागून घेतली आणि जाळली. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, आणि मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो शेतकऱ्याच्या जमिनीपुरता आणि कर्जापुरता होता असं आपण समजतो. पण पैसे भरल्याची लेखी पावती आणि हिशोबाचा उतारा मागण्याचा हक्कही त्याच कायद्याने शेतकऱ्याला दिला. दुकान आणि सावकारी एकाच ओट्यावर चालत होती, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. आज आपण काउंटरवर उभं राहून बिल मागतो, त्या मागणीचा एक जुना धागा इथपर्यंत पोचतो.

मात्र हे सगळं ज्याला दुकानाच्या ओट्यापर्यंत जाता येत होतं त्याच्याबद्दल झालं. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला तेवढंही नव्हतं. त्याने लांब उभं राहायचं, पैसे खाली ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलणार आणि माल वरून ओंजळीत टाकणार. माप बरोबर आहे का, डाळीत खडे आहेत का, हे विचारायची सोयच नव्हती. दुकानातल्या वाईट वागणुकीचा इतिहास सांगताना हा भाग गाळला जातो, आणि ते बरोबर नाही. स्वतंत्र भारताने दुकानातल्या वागणुकीबद्दल घातलेला सर्वांत मोठा नियम याच अन्यायातून आला. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांबरोबर दुकानांचाही स्पष्ट उल्लेख आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात धोबी आणि केशकर्तनालयं येतात का, असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं की हा शब्द नुसत्या प्रवेशापुरता नाही. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो यात आला, आणि अटी मान्य असतील तर त्याची सेवा मागता आली पाहिजे. पुढे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणं हा गुन्हा ठरवला. ग्राहक संरक्षण हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

शहरातल्या दुकानदाराचा आजचा तोरा मात्र घडला तो टंचाईच्या काळात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि धान्याचं दुकान निवडायचा हक्कच गेला. कार्ड ज्या दुकानाला जोडलेलं, तिथेच रांग लावायची. ‘माल आला नाही’, ‘साखर संपली’, ‘पुढच्या आठवड्यात बघा’ ही वाक्यं दोन पिढ्यांनी ऐकली. रॉकेलची रांग, साखरेची रांग, आरेच्या दुधासाठी पहाटे कार्ड घेऊन उभं राहणं. ज्याच्याकडे माल आहे तो मोठा, आणि ज्याला तो हवा आहे त्याने सबुरीने घ्यायचं, हे नातं अंगवळणी पडलं ते इथे. रेशनबाहेरच्या दुकानांतही त्याची सावली पडली. टंचाईची वस्तू हवी तर सोबत न खपणारी दुसरी वस्तू घ्यायची, हा तर सर्रास मामला होता.

त्यात भर पडली भाड्याची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं प्रमाण भाडं १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरूंना बेघर होण्यापासून वाचवणं हा हेतू योग्यच होता, पण संरक्षण दुकानांच्या गाळ्यांनाही मिळालं. मोक्याच्या रस्त्यावर नाममात्र भाड्यात पिढ्यानपिढ्या दुकान चालू राहिलं, आणि नव्या माणसाला शेजारी दुकान थाटायचं तर जबर पगडी मोजावी लागे. एखादं गिऱ्हाईक रागावून निघून गेलं तर महिनाअखेरीस भाड्याची पंचाईत होईल, ही भीती अशा दुकानदाराला कधी वाटलीच नाही. १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा मोठ्या कंपन्यांचं हे संरक्षण गेलं. लहान दुकानांचं राहिलं.

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुण्याची चेष्टा होते, त्याबद्दलही थोडं सांगायला हवं. मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि नंतर पुन्हा १९४८ साली दुकाने व आस्थापना कायदा झाला. दुकानं उघडण्या-मिटण्याच्या वेळा, आठवड्याची सुट्टी, सलग पाच तास कामानंतर नोकराला विश्रांती, हे सगळं त्यात बांधून दिलं होतं. त्याआधी दुकानातला पोऱ्या पहाटेपासून रात्रीपर्यंत उभा असे आणि फळकुटावरच झोपे. दोन-तीन माणसांच्या दुकानात पाळ्या लावायला माणसं कुठून आणणार? मालक आणि नोकर दोघेही जेवायला गेले की शटर खाली. गिऱ्हाइकाची गैरसोय झाली हे खरं, पण नोकराला दुपारचा घास निवांत मिळाला हेही तितकंच खरं, आणि त्याच्यावर हसण्यासारखं मला काही दिसत नाही. २०१७ च्या नव्या राज्य कायद्याने दुकानं चोवीस तास, वर्षभर उघडी ठेवायची मुभा दिली. मात्र त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदी तेव्हा दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांसाठीच होत्या. म्हणजे ज्या छोट्या दुकानांबद्दल आपण बोलतोय, तिथला नोकर त्यातून बराचसा निसटला. दिवसभर उभ्या असलेल्या, तुटपुंज्या पगारावरच्या मुलीने सातव्या साडीची घडी मोडताना तोंड वाकडं केलं, तर त्याचं कारण शोधायला लांब जायला नको. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानातल्या नोकरांना बसायला जागा देणं बंधनकारक केलं. हे पाऊल गिऱ्हाइकाच्याही हिताचं आहे.

टंचाईविरुद्ध पहिला आवाज उठवला तो घर चालवणाऱ्या बायकांनी. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरोधी आघाडी उभी केली. लाटणी आणि थाळ्या घेऊन बायका मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, साठेबाजांना घेराव घातला. त्यापाठोपाठ १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या कामात संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसंही होती. पंचायतीची रीत साधी होती. आसपासच्या कुटुंबांनी एक संघ करायचा, महिन्याच्या सामानाची एकत्र यादी द्यायची, पंचायत घाऊक खरेदी करणार आणि सामान आळीत येणार, मग सभासदांनीच ते वाटून घ्यायचं. कोपऱ्यावरच्या वाण्यासमोर हात जोडण्याची वेळच येऊ नये, अशी ही व्यवस्था. त्याआधी १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेल्या अपना बाजारनेही सहकारातून हेच साधलं होतं. शहरी मध्यमवर्गाला आणि कामगाराला दुसरं दुकान मिळालं ते अशा प्रयत्नांतून. मॉल फार नंतर आले.

मग कागद आला. वजनमापं दशमान झाली होतीच. १९६२ पर्यंत शेर-पायलीची जागा किलो-लिटरने घेतली. १९७७ च्या नियमांनी पाकिटावर वजन, किंमत, महिना छापणं सक्तीचं केलं. तरी ‘स्थानिक कर वेगळे’ या तीन शब्दांच्या आडून दुकानदार वर चार पैसे घेतच होता. १९९० मध्ये सर्व करांसहित कमाल किंमत छापणं बंधनकारक झालं आणि ती पळवाट बुजली. थंड पाण्याच्या बाटलीवर किंवा दुधाच्या पिशवीवर आजही एक-दोन रुपये ‘कूलिंगचे’ म्हणून घेतले जातात. ते घेणं सरळ सरळ बेकायदा आहे. फ्रिजच्या विजेचा खर्च छापील किमतीच्या आतच बसवायचा असतो.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले. १९९९ साली केंद्राने राज्यांना कळवलं की ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाट्या मात्र तशाच राहिल्या. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने हे अधिक नेमकं केलं. सदोष माल परत घ्यायला नकार देणं, बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, ही अनुचित प्रथा ठरते. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा. इथे एक खुलासा गिऱ्हाइकांसाठी. रंग आवडला नाही, घरच्यांना पटलं नाही, या कारणासाठी माल बदलून द्यायला हा कायदा दुकानदाराला बांधील करत नाही. तो वस्तूतल्या दोषाबद्दल आहे.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. मिक्सर आठवड्यात बंद पडला तर तो ‘सर्व्हिस सेंटरला जा’ म्हणतो, कारण वितरक त्याच्याकडून तो परत घ्यायला खळखळ करतो आणि घेतलाच तर पैसे महिनोन्‌महिने अडकतात. मोठ्या साखळी दुकानाचं वितरकापुढे वजन असतं, याचं नसतं. त्याच दुकानाने लॉकडाऊनमध्ये फोनवर यादी घेऊन म्हाताऱ्यांच्या दारात सामान पोचवलं, पगार लांबला तेव्हा उधारी वहीत लिहून ठेवली. हे ऋण मी मानतो. तरीही तोटा कुणी सोसायचा हा वाद दुकानदार आणि वितरकातला आहे. तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणं रास्त नाही.

आज सगळं अडतं ते बिलापाशी. आमच्या भागातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात पंखा घेतल्यावर मिळते ती कोऱ्या वहीतून फाडलेली चिठ्ठी. वर पेनाने ‘पंखा १’, खाली रक्कम, रकमेखाली दोन रेघा. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, मॉडेल नाही, सही नाही. पक्कं बिल मागितलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘जीएसटी अठरा टक्के वर लागेल, चालेल?’ खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत जीएसटी धरलेलाच असतो, त्यामुळे एकूण रक्कम त्या किमतीच्या वर जाऊ शकत नाही. दोनशे रुपयांखालच्या विक्रीला प्रत्येक वेळी जीएसटीचं बिल फाडायची सक्ती नाही, पण गिऱ्हाइकाने मागितलं तर ते द्यावं लागतं. दुकानाची जीएसटी नोंदणीच नसेल, तर त्याला कर वेगळा लावताच येत नाही. साधी पावती मात्र त्यानेही द्यायला हवी.

तक्रारीची वाट पूर्वीपेक्षा सोपी आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मराठीतही तक्रार घेतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाची, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाची, फी शून्य आहे, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार गुदरता येते. पण आयोगासमोर पहिला प्रश्न येतो तो पावतीचा. यूपीआयचा संदेश पैसे दिल्याचं दाखवतो. कोणती वस्तू घेतली, कोणत्या मॉडेलची, किती वॉरंटीची, हे त्यात नसतं. म्हणून चिठ्ठी मिळत असेल तर तिच्यावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि मॉडेल नंबर तिथल्या तिथे घालून घ्यावा. दुकानदार कुरकुरला तरी घालून घ्यावा.