लारबोर्ड: जहाजाच्या डाव्या बाजूचे जुने नाव

ब्रिटिश आरमाराचा कारभार पाहणाऱ्या ॲडमिरल्टीने १८४४ मध्ये आदेश काढून आपल्या जहाजांवरून ‘लारबोर्ड’ हा शब्द हद्दपार केला. अमेरिकेचे नौदल सचिव जॉर्ज बॅनक्रॉफ्ट यांनी १८४६ मध्ये तसाच आदेश दिला. जहाजावर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताला येणारी बाजू म्हणजे लारबोर्ड. उजवी ती स्टारबोर्ड.

या दोन्ही नावांचे मूळ जुन्या नौकांच्या बांधणीत आहे. उत्तर युरोपातील त्या नौकांना मागच्या टोकाला मधोमध बसवलेले सुकाणू नसे; त्याऐवजी एक रुंद, लांब वल्हे उजव्या कुशीला बांधलेले असे. नॉर्वेत १९०४ मध्ये उत्खनन झालेल्या, नवव्या शतकातील ओसेबर्ग नौकेवर ही रचना आजही पाहायला मिळते. जिकडे सुकाणू ती बाजू ‘स्टेऑरबोर्ड’, म्हणजेच पुढचे स्टारबोर्ड. त्यातील ‘स्टार’चा ताऱ्यांशी काडीचाही संबंध नाही. डाव्या बाजूला मात्र प्राचीन इंग्रजीत ‘बॅकबोर्ड’ म्हणत, कारण दोन्ही हातांनी वल्हे पेलणाऱ्या सुकाणूवाल्याची पाठ तिकडे होई, असे सामान्यतः मानले जाते. जर्मन आणि डच भाषांनी हा शब्द जपला, फ्रेंचमध्ये तो ‘बाबोर’ झाला. इंग्रजीने तेवढा तो सोडून दिला.

त्याची जागा घेणारा ‘लाडबोर्ड’ चौदाव्या शतकातील एका इंग्रजी काव्यात आढळतो. त्यात योना संदेष्ट्याला नेणाऱ्या जहाजाचे खलाशी शीड सोडताना या बाजूकडे सरसावतात. ‘लाड’ म्हणजे माल भरणे, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात आणि तो पटण्याजोगा आहे: उजवी कूस धक्क्याला लावली तर सुकाणूचे वल्हे चिरडणार, म्हणून डावी बाजू धक्क्याला लागे आणि मालाची चढउतार तिकडूनच होई. पुढे स्टारबोर्डच्या जोडीने उच्चारता उच्चारता ‘लाड’चे ‘लार’ झाले.

घोटाळ्याचे बीज याच यमकात होते. सोसाट्याच्या वाऱ्यात, शिडांच्या फडफडाटात ओरडून दिलेल्या हुकमाचा शेवटचा ‘बोर्ड’ तेवढा कानी पडला, तर माणूस डावीकडे धावेल की उजवीकडे, याचा नेम नसे. म्हणून सुकाणूच्या हुकमांत खलाशी सतराव्या शतकापासूनच डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणू लागले होते. १८४४ च्या आदेशाचे श्रेय म्हणूनच बेतानेच द्यावे लागते. खलाशांनी आधीच रुळवलेल्या शब्दावर त्याने सरकारी मोहोर उमटवली, इतकेच.

शिवाय गोंधळाचे दुसरे कारण या आदेशाने गेले नाही. सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलावा, त्याच्या विरुद्ध बाजूला जहाज वळते, आणि हुकूम दांड्याच्या दिशेने देण्याची प्रथा होती. त्यामुळेच १९१२ मध्ये हिमनग दिसताच टायटॅनिकवर ‘हार्ड ए-स्टारबोर्ड’ असा हुकूम सुटला, तो जहाज डावीकडे वळवण्यासाठी. ब्रिटिश जहाजांवरची ही प्रथा १९३० च्या दशकात बंद झाली.