सल्ला कोणाच्या हिताचा? करिअर समुपदेशनातील नीतिनियमांची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक मुलाला ज्याच्याकडे घेऊन जातात, त्या करिअर समुपदेशकाला आपल्या देशात कोणत्याही परिषदेची नोंदणी बंधनकारक नाही. डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट यांच्यामागे त्यांच्या त्यांच्या परिषदा आहेत, आणि त्या चुकार सभासदाचे नाव नोंदवहीतून काढू शकतात. करिअर समुपदेशकाची पाटी मात्र कोणीही लावावी आणि पहिल्या दिवसापासून फी घ्यावी, अशी स्थिती आहे. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर या व्यवसायाच्या उगमापर्यंत मागे जावे लागते.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात जानेवारी 1908 मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. शहराच्या नॉर्थ एंड भागातील स्थलांतरितांच्या वस्तीत, समाजसेवेसाठी चालणाऱ्या एका केंद्रात ते होते, आणि त्याचा खर्च पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाई उचलत. कारखान्यांत मिळेल ते काम धरून वर्षभरात ते सोडणारी तरुण मुले पार्सन्स यांना अस्वस्थ करीत होती. माणसाने आधी स्वतःला ओळखावे, मग कामांचे जग जाणून घ्यावे आणि नंतर या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा, अशी त्यांची तीन पायऱ्यांची पद्धत होती. मुलाने काय व्हावे हे कार्यालय ठरवणार नाही, ते त्याचे त्यानेच ठरवायचे, हेही त्यांनी स्पष्ट करून ठेवले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पुस्तक 1909 मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. निर्णय समोर बसलेल्याचा, हे या व्यवसायाचे पहिले नीतितत्त्व अशा रीतीने त्याच्या जन्माबरोबरच आले.

याच पार्सन्सविषयीची दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. समोरच्या तरुणाची मुलाखत घेताना आपण त्याच्या डोक्याचा आकार, कानाच्या पुढचा-मागचा भाग आणि चेहरेपट्टी बारकाईने न्याहाळतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. कवटीवरून स्वभाव ओळखण्याच्या त्या काळच्या समजुतींना शास्त्रीय आधार नव्हता, तरीही इतका सद्भावी माणूस त्यांच्या आहारी गेला. हेतू चांगला असला म्हणून साधन विश्वासार्ह ठरत नाही, हा धडा या व्यवसायाला पहिल्याच वर्षी मिळाला होता. तो अजून पुरता पचलेला नाही.

पुढे 1913 मध्ये ग्रँड रॅपिड्स येथे या क्षेत्रातील लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. चाचण्यांचे युगही याच सुमारास सुरू झाले. एडवर्ड स्ट्राँग यांची व्यवसायविषयक आवडीनिवडींची प्रश्नावली 1927 मध्ये आली आणि अनेक दशके सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक ठरली. पुरुषांसाठी तिचा निळा नमुना असे आणि स्त्रियांसाठी गुलाबी, आणि दोन्हींतून निघणाऱ्या व्यवसायांच्या याद्या वेगवेगळ्या असत. मुलीला मिळणाऱ्या यादीतून काही क्षेत्रे तिने उत्तरे लिहिण्याआधीच गळालेली असत. आक्षेप वाढत गेल्यावर 1974 मध्ये दोन्ही नमुने एकत्र करण्यात आले. तोवर हजारो समुपदेशकांनी कोणतीही लबाडी न करता, प्रामाणिकपणे, तो भेदभाव घरोघर पोहोचवला होता. म्हणूनच नंतरच्या आचारसंहितांनी समुपदेशकाच्या सचोटीइतकाच भर त्याच्या साधनांच्या तपासणीवर दिला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर 1951 मध्ये स्थापन झालेल्या शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन संघटनेने 1995 मध्ये स्टॉकहोम येथे नीतिमानके स्वीकारली आणि 2017 मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यातील एक कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. शिक्षणसंस्था किंवा नोकरी देणारे यांच्या वतीनेही समुपदेशक काम करीत असेल, तर सल्ला घेणाऱ्याच्या हिताला बाध येईल असा हितसंबंधांचा संघर्ष त्याने टाळावा, आणि तो असेलच तर समोरच्याला तसे सांगावे, असा त्याचा आशय आहे. पार्सन्स यांना या कलमाची गरज भासली नव्हती, कारण त्यांचा खर्च भागवणाऱ्या बाईंना कोणत्याही महाविद्यालयाच्या जागा भरायच्या नव्हत्या.

आपल्याकडची सुरुवातही दानधर्मातून आणि सरकारी कामातूनच झाली. मुंबईत 1941 मध्ये बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले, तर 1947 मध्ये पारशी पंचायतीने आपल्या समाजातील तरुणांसाठी असे केंद्र उघडले. मुंबई सरकारने 1950 मध्ये स्वतःचा व्यवसाय मार्गदर्शन विभाग सुरू केला. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने (1952-53) शाळांतील मार्गदर्शनाचा आग्रह धरला आणि 1954 मध्ये दिल्लीत केंद्रीय विभाग स्थापन झाला. पुण्यात 1962 मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि मानसशास्त्रीय चाचण्यांना मराठी मध्यमवर्गात प्रतिष्ठा मिळण्यास तिचा मोठा हातभार लागला. या सर्व ठिकाणी चाचणी घेणाऱ्याला मुलाने कोणती शाखा घेतली यावरून एक पैसाही अधिक वा उणा मिळत नसे. त्यामुळे वेगळी आचारसंहिता लिहिण्याची निकड कोणाला वाटली नाही, आणि मला वाटते, आजच्या पोकळीचे मूळ त्या सुखद काळातच आहे.

चित्र पालटले ते 1983 नंतर. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्यानंतर राज्यात खासगी जागांची संख्या झपाट्याने वाढली. अनेक सर्वसामान्य घरांतील मुले त्यामुळेच इंजिनिअर झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण जागा वाढल्या की त्या भरणारा मध्यस्थही येतो, आणि या मध्यस्थाने स्वतःला समुपदेशक म्हणवून घ्यायला सुरुवात केली. भाषेनेही त्याला साथ दिली. प्रवेशफेऱ्यांमध्ये जागावाटप करण्याच्या प्रक्रियेलाच देशभर ‘काउन्सेलिंग’ म्हटले जाते, त्यामुळे मुलाचा कल शोधणारा आणि पसंतीक्रमाचा फॉर्म भरून देणारा हे दोघे पालकांच्या लेखी एकच होऊन बसले.

परदेशी शिक्षणाच्या बाजारात हा प्रश्न आणखी उघडपणे पुढे आला. विद्यार्थ्याकडून फी आणि विद्यापीठाकडून कमिशन, असे दोन्हीकडून पैसे घेणाऱ्या एजंटांविषयी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांनी 2012 मध्ये ‘लंडन निवेदन’ स्वीकारले. दोन्हीकडून पैसे घेतले जात असतील तर ते विद्यार्थ्याला सांगावे, अशी अपेक्षा त्यात आहे.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मी अशाच एका कार्यालयात बसलो होतो. दहावी झालेल्या मुलीच्या अहवालाची रंगीत पाने टेबलावर होती, आणि शेवटच्या पानावर तीन खासगी महाविद्यालयांची नावे छापलेली होती. ‘तुला काय आवडतं?’ या प्रश्नाला तिच्या वडिलांनीच उत्तर दिले. मुलगी हळूच ‘भूगोल’ म्हणाली, ते समुपदेशकाने लिहूनही घेतले नाही. त्या तीन महाविद्यालयांशी आपला संबंध काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही, याची खंत मला आजही वाटते.

राज्य शासनाने 2016 पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी विनामूल्य घ्यायला सुरुवात केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे त्यात होती. खेड्यातील मुलापर्यंत कल हा शब्द पोहोचला, हे त्या उपक्रमाचे श्रेय आहे. मात्र अहवाल हातात देणे म्हणजे समुपदेशन नव्हे, तो समजावून सांगणारा प्रशिक्षित माणूस सोबत हवा.

दुसरीकडे, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि योग्य करिअर सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचण्या शाळाशाळांतून विकल्या जाऊ लागल्या. त्यांना शास्त्रीय आधार नाही, असे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने 2019 मध्ये जाहीर केले. कवटीची जागा बोटांनी घेतली, एवढाच काय तो एका शतकातला फरक. पार्सन्स यांच्याजवळ निदान चांगल्या चाचण्या उपलब्ध नव्हत्या. आजच्या विक्रेत्याला ती सबब नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकीखेरीज इतर वाटांचीही माहिती विद्यार्थ्यांना द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. मंत्रालयाच्या तत्त्वांत कोचिंगची जी व्याख्या दिली आहे, तिच्यातून क्रीडा, नृत्य आणि नाट्य यांच्याबरोबर समुपदेशनही वगळलेले आहे.