चेरिमोया बीपासून वाढवताना

सीताफळाच्या कुळातल्या चेरिमोया या फळाचं एक बी घेऊन धारदार सुरीने उभं कापा. बाहेरून ते सीताफळाच्या बीचंच थोरलं भावंड दिसतं: गडद तपकिरी, चपटं, दीड-दोन सेंटिमीटर लांब, घट्ट कवचाचं. आत मात्र नुसता पांढरा गर नसतो. कवचाचे तपकिरी पापुद्रे दोन्ही बाजूंनी गरात खोल शिरलेले असतात आणि कापलेला भाग कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. हा गर म्हणजे रोपाची शिदोरी, भ्रूणपोष. खुद्द भ्रूण शोधायला भिंग लागतं. बीच्या निमुळत्या टोकाशी जेमतेम दोन-चार मिलिमीटरची एक पांढरी काडी असते, तोच हा भ्रूण.

बी पेरल्यावर जी वाट पाहावी लागते तिचं कारण याच काडीत आहे. हरभऱ्याच्या दाण्यात भ्रूण पूर्ण वाढलेला असतो, पाणी मिळालं की तो निघालाच. चेरिमोयाचा भ्रूण आधी बीच्या आत शिदोरी खात वाढतो आणि मग कवच फोडतो. त्यामुळे कोंब दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात, गारठ्यात त्याहून जास्त. पंधराव्या दिवशी माती उकरून ‘बी मेलं’ असं ठरवणारे लोक बहुतेक वेळा जिवंत बी फेकून देतात.

चेरिमोया (ॲनोना चेरिमोला) हा सीताफळ आणि रामफळाच्या कुळातला, पण थंड, कोरड्या डोंगरी हवेत रमणारा वृक्ष आहे. क्वेचुआ भाषेत ‘चिरी’ म्हणजे थंड, त्यावरूनच हे नाव आलं. पेरू आणि इक्वेडोरच्या अँडीज दऱ्या हेच त्याचं मूळ घर, असं दीर्घकाळ मानलं जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र बोट मध्य अमेरिकेकडे दाखवलं, कारण सर्वाधिक विविधता होंडुरासच्या आसपास सापडली. आज सर्वांत जास्त चेरिमोया पिकतो तो दक्षिण स्पेनमध्ये, ग्रानादा आणि मालागाच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या उतारांवर. तिथल्या बहुतेक बागा ‘फिनो दे हेते’ या एकाच वाणाच्या आहेत.

मराठीत त्याला हनुमानफळ म्हणतात, पण या नावावर विसंबून रोप घेऊ नये. याच नावाखाली ॲटिमोयाची (चेरिमोया आणि सीताफळाच्या संकराची), कधी कधी काटेरी सालीच्या लक्ष्मणफळाचीही रोपं विकली जातात. चेरिमोयाचं पान ओळखायची सोपी खूण म्हणजे ते उलटं करून बोट फिरवणं. खालची बाजू मखमलीसारखी मऊ, लवदार लागते. सीताफळाचं पान अरुंद आणि त्या मानाने गुळगुळीत असतं.

बी पूर्ण पिकलेल्या फळातलंच हवं. गर धुऊन काढावा आणि बी सावलीत वाळवावं. नीट वाळवून कोरड्या डबीत ठेवलं तर ते काही वर्षंही टिकतं. लिचीचं बी किंवा आंब्याची कोय वाळल्यावर मरते, तसं याचं होत नाही. तरी ताज्या बीची उगवण जास्त आणि एकसारखी होते. कॅलिफोर्निया, स्पेन किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांना बाजारातल्या फळातूनच बी मिळेल. भारतात येताना मात्र ते खिशात घालून आणू नये. पेरणीचं बियाणं आणायला २००३ च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटाइन) आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ही अट रास्त आहे. बियाण्याबरोबर आलेला एखादा रोग अख्ख्या सीताफळ पट्ट्याला महागात पडू शकतो. आणखी एक गोष्ट: बी फोडल्यावर किंवा घासल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत. सीताफळाच्या बीची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. हे बी त्याच विषारी गुणाचं आहे.

पेरण्याआधी बी कोमट पाण्यात २४ ते ४८ तास भिजवा, पाणी दोनदा बदला. तरंगणारी बियाणं बहुधा पोकळ असतात, ती वेगळी काढा. कवच कानशीने घासून पातळ करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो टाळलेला बरा, कारण घासलेल्या जागेतून बुरशी शिरते आणि मुख्य अडचण कवचात नसून अपुऱ्या वाढलेल्या भ्रूणात आहे. घाईच असेल तर द्राक्ष बागायतदारांच्या ओळखीचं जी.ए., म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वापरता येतं. अर्धा ग्रॅम पावडर आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून एक लिटर पाण्यात मिसळा आणि त्यात बी २४ तास ठेवा. पावडर थेट पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही. दहा-वीस बियांसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही.

माध्यम हलकं हवं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग पर्लाइट किंवा भरड नदीची वाळू. कोकोपीटमध्ये मीठ उरलेलं असू शकतं, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घ्यावं. या टप्प्यावर शेणखत घालू नये. बी दोन सेंटिमीटर खोल आडवं ठेवा. माध्यमाचं तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असावं. २० च्या खाली गेलं की भ्रूणाची वाढ रेंगाळते आणि तेवढ्या काळात बी कुजायला लागतं. महाराष्ट्रात फेब्रुवारी अखेर ते मार्च हा काळ चांगला, जूनच्या ओलीपेक्षा नक्कीच चांगला. ओल वाफशाएवढीच ठेवावी. मूठभर माध्यम दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

कोंब वर येतो तो कमानीसारखा वाकून. नंतर तो सरळ होतो आणि डोक्यावर बीचं कवच टोपीसारखं घेऊन उभा राहतो. बीजपत्रं आतच अडकलेली असतात. अशा वेळी टोपी ओढून काढायचा मोह आवरावा, कारण बरोबर शेंडाही तुटतो आणि रोप संपतं. सकाळ-संध्याकाळ टोपीवर पाण्याचा थेंब टाकत राहावं, कवच मऊ होऊन तीन-चार दिवसांत आपोआप गळतं. याच वयात रोपं जमिनीलगत पाणावून कोलमडतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींचं हे काम, आणि त्यांना बळ मिळतं ते जास्त पाणी, कोंदट हवा आणि जुन्या मातीमुळे. एकदा कोलमडलेलं रोप वाचत नाही. शेजारच्या रोपांचं पाणी लगेच कमी करून त्यांना वारा मिळेल असं ठेवावं.

वर दोन पानं दिसतात तेव्हा खाली बोटभर सोटमूळ गेलेलं असतं. सर्वाधिक रोपं या मुळापाशी बिघडतात, आणि बिघाड लक्षात येतो दोन-तीन वर्षांनी. उथळ ट्रेमध्ये मूळ तळाला टेकतं, वळतं आणि गोल फिरू लागतं. पुढे मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावलं तरी ते वेटोळं सुटत नाही. मूळ जाड होत जातं तसं ते स्वतःलाच आवळतं आणि झाड हलक्या वाऱ्यानेही हलतं किंवा कारण नसताना खुरटतं. म्हणून बी सुरुवातीपासूनच ३० ते ३५ सेंटिमीटर उंच, अरुंद पिशवीत किंवा कापलेल्या पीव्हीसी नळीत पेरावं. ट्रे वापरलाच तर रोप सात ते दहा सेंटिमीटरचं होताच हलवावं. हलवताना सोटमूळ दुमडू नये. खड्डा उथळ पडला म्हणून मूळ वळवून बसवण्यापेक्षा दोन मिनिटं जास्त खणणं बरं.

पुढच्या वर्षभरात कोवळ्या रोपाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी. खोडाला काठीचा आधार द्या, कारण फांद्या लवचिक असतात आणि झाड आडवं पसरू पाहतं. जमीन निचऱ्याची आणि सामू (पीएच) ६.५ ते ७.५ च्या आसपास हवा. काळ्या चिकण जमिनीत लावायचं असेल तर उंचवटा करून त्यावर लावावं, खोलगट आळं नको. पाणी खोडाशी साचलं की बुंध्याची साल काळी पडून कुजते. चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो लोहाचा तुटवडा, त्यावर चिलेटेड लोह द्यावं. पानांच्या कडा करपल्या तर बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचा संशय घ्यावा. कुंडीतल्या झाडाला महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी देऊन साचलेले क्षार तळातून वाहून जाऊ द्यावेत. टोमॅटो, वांगी किंवा बटाटा घेतलेल्या वाफ्यात चेरिमोया लावू नये. त्या पिकांवर येणारी व्हर्टिसिलियम मर जमिनीत वर्षानुवर्षं राहते आणि या झाडालाही धरते. किडींमध्ये पिठ्या ढेकूण हा जुना शत्रू. तो दिसला की आधी मुंग्यांचा रस्ता अडवा, कारण त्याची राखण त्याच करतात.

बीपासून वाढलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. परपरागीभवनामुळे प्रत्येक बीत वेगळं मिश्रण असतं: एक फळ गोड आणि कमी बियांचं, दुसरं बियांनी गच्च. फळ कसं आहे हे कळायला तीन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून बागेत बीचं रोप खुंट म्हणून वापरतात आणि त्यावर चांगल्या वाणाचं पाचर कलम करतात. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं, साधारण वर्ष-दीड वर्षाचं झालं की ते कलमाला तयार समजावं.

इथे या कुळाची एक विलक्षण गोष्ट समोर येते. कलमासाठी काडी निवडताना चेरिमोयाच्या फांदीवर डोळे दिसतच नाहीत. आंब्यात किंवा गुलाबात डोळा पानाच्या बगलेत उघड बसलेला असतो. इथे पानाच्या देठाचं बूड फुगून पोकळ झालेलं असतं आणि डोळा त्या पोकळीत टोपणाखाली झाकलेला असतो. पान टिकून आहे तोवर तो फुटत नाही. पान अलगद काढलं तर देठाच्या वणाच्या मधोमध बारीक, लवदार डोळा दिसतो. म्हणून काडी कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापावीत आणि देठ ठेवावेत. देठ सुकून गळतात, डोळे उघडे पडून फुगतात, आणि अशी दोन-तीन डोळ्यांची काडी लवकर जीव धरते. पानांसकट कापलेल्या काडीचं कलम वाळतं आणि दोष सुरीला दिला जातो. सीताफळाचा बहार धरताना पानगळ घडवून आणतात, त्यामागेही हेच झाकलेले डोळे आहेत. कलम करायची योग्य वेळ हिवाळा सरताना, नव्या पालवीच्या आधी.

झाड फुललं आणि फळ धरलं नाही, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. फूल सीताफळासारखंच: तीन जाड, हिरवट-तपकिरी, खाली लोंबणाऱ्या पाकळ्या. ते आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. पहिल्या अवस्थेत पाकळ्या टोकाशी जरा विलग होतात. आतली कुक्षी ओलसर, चकचकीत असते, पराग घ्यायला तयार. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाकळ्या पूर्ण फाकतात आणि पुंकेसर मोकळे होऊन पराग सोडतात. तोवर त्याच फुलाची कुक्षी सुकलेली असते. मूळ प्रदेशात बारीक भुंगेरे नर फुलातून मादी फुलात जाऊन हे काम करतात. हे भुंगेरे पुरेसे नसतील तर ते माणसाने करावं लागतं, आणि कॅलिफोर्नियातले बागायतदार अजूनही हातात कुंचला घेऊनच ते करतात.

दुपारी चार ते सहाच्या दरम्यान पूर्ण फाकलेलं फूल छोट्या डबीवर धरून टिचकी मारा. करडे पुंकेसर आणि पिवळसर पराग डबीत पडतात. त्याच संध्याकाळी, किंवा डबी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या सकाळी, मऊ बारीक कुंचल्याने तो पराग अर्धवट उघडलेल्या मादी फुलात लावा. पाकळ्या बोटांनी हलक्या फाकवून कुंचला मधल्या शंकूभोवती सगळ्या बाजूंनी फिरवायचा. त्या शंकूवर शंभराहून जास्त स्त्रीकेसर असतात आणि फळ त्या सगळ्यांचं मिळून बनतं. एका बाजूला पराग लागला नाही तर ती बाजू वाढत नाही आणि फळ वाकडं होतं. पराग एक-दोन दिवसांत मरतो, त्याहून जास्त साठवून उपयोग नाही. हवा ३० अंशांच्या वर आणि कोरडी असेल तर कुक्षी लवकर सुकते, मग कुंचलाही काही करू शकत नाही.

महाराष्ट्रातल्या बहुतेक भागात हीच खरी अडचण आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या ४० अंशांच्या उन्हात रोप जगवता येईल, फळाची खात्री देता येणार नाही. महाबळेश्वरात हवा जमते, पण पावसाचं पाणी मुळांशी थांबतं. पुणे-नाशिककडे अर्ध्या सावलीत, मोठ्या कुंडीत प्रयत्न करण्यासारखा आहे. भरवशाचं फळ हवं असेल तर ॲटिमोया लावावं. १९०८ साली फ्लोरिडात पी. जे. वेस्टर यांनी चेरिमोया आणि सीताफळाचा संकर केला, तिथून हे फळ आलं. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या ‘अर्का सहन’ या वाणाचा एक पालक ॲटिमोयाच आहे. म्हणजे ज्यांच्या बागेत अर्का सहन आहे, त्यांच्याकडे चेरिमोयाचा थोडा वारसा आधीच पोचला आहे.

परागीभवनानंतर फळ तयार व्हायला साधारण पाच ते आठ महिने लागतात. सालीचा गडद हिरवा रंग फिका पोपटी झाला की ते कडक असतानाच, देठाचा छोटा तुकडा ठेवून कात्रीने काढा. झाडावर पिकू दिलं तर तडकतं. घरात साध्या हवेवर तीन-चार दिवसांत ते अंगठ्याने दबेल इतकं मऊ होतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते आणि आतला गर कधीच नीट पिकत नाही.