कीटकनाशकाच्या फाइलवर सही करणाऱ्याला शिकवायचं काय?

कीटकनाशकांचे कायदे माणसांच्या तब्येतीसाठी आले असं आपण धरून चालतो, पण सुरुवात तशी नव्हतीच. अमेरिकेतला 1910 चा कायदा भेसळ आणि खोट्या लेबलांविरुद्ध होता, म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्यात कुचकामी पावडर मारली जाऊ नये एवढंच. 1947 ला रजिस्ट्रेशन, म्हणजे विकण्याआधी औषधाची सरकारी नोंदणी आली, पण ती शेती खात्याकडे, आणि गंमत अशी की खात्याने नाही म्हटलं तरी कंपनी निषेध नोंदवून माल विकू शकायची! ही पळवाट बंद व्हायला 1964 उजाडलं. तोवर डीडीटी या कीटकनाशकासाठी स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्युलरना नोबेल मिळून (1948) सोळा वर्षं झाली होती आणि अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांच्या लिखाणामुळे त्याच डीडीटीवरून वादही पेटला होता. 1970 ला हे काम नव्या पर्यावरण संस्थेकडे गेलं, 1972 मध्ये तिने डीडीटीचा बहुतेक वापर बंद केला.

तरी खरा धक्का पुढेच होता. 1976 च्या सुमाराला कळलं की इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाच्या मोठ्या लॅबमध्ये टेस्टमधले उंदीर मेले की त्यांच्या जागी नवे ठेवले जायचे आणि नोंद काहीच नाही, आणि असल्या रिपोर्टवर औषधं पास झालेली. म्हणजे रजिस्ट्रेशनसाठी आलेली फाइल जाडजूड आहे म्हणून सही करायची नसते, आतला डेटा वाचता यायला हवा. 1981 ला ओईसीडीने (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) लॅबसाठी नियम आणले ते यातूनच.

आता ज्या देशांत कायदा दुसरीकडून उचललेला आणि रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तिथे ही फाइल वाचणार कोण? एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेची कीटकनाशकांबद्दलची 1985 ची आचारसंहिता मुख्यतः अशाच देशांना डोळ्यासमोर ठेवून आली, ऐच्छिक होती, पण त्यातल्या दोन गोष्टी मला अजूनही भारी वाटतात. एक, जाहिरातीत 'सुरक्षित', 'निरुपद्रवी' असे शब्द नकोत, 'सांगितल्याप्रमाणे वापरल्यास' अशी शेपटी जोडली तरी नकोत. दुसरी, जे औषध मारायला महागडे आणि अंगाला नकोसे वाटणारे हातमोजे-मास्क लागतात ते उष्ण देशातल्या छोट्या शेतकऱ्यापर्यंत जाऊच नये, कारण भर उन्हात तो ते घालणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

सही करणाऱ्याच्या ट्रेनिंगचा गाभा माझ्या मते हाच. डब्ल्यूएचओचं कीटकनाशकांचं 1975 पासूनचं वर्गीकरण मुख्यतः उंदराला किती डोस मारक ठरतो त्यावर बेतलंय, ते विष किती जहाल एवढं सांगतं, पण ते अंगावर किती येणार हे फवारणारा कोण, पंप कसला, लेबल त्याला वाचता येतं का, उरलेलं औषध घरात कुठे ठेवलं जातं यावर ठरतं, आणि हे परदेशी रिपोर्टमध्ये सापडत नाही. परदेशातलं मूल्यमापन वापरायला हरकत नाही, त्यातलं आपल्याकडे कुठलं लागू पडत नाही ते ओळखता यायला हवं. श्रीलंकेने हे केलं. तिथे विष पिऊन होणाऱ्या आत्महत्यांकडे बघून 1995 मध्ये अतिविषारी वर्गातली उरलेली औषधं बंद झाली, 1998 ला एंडोसल्फान, आणि आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे 47 वरून 2005 पर्यंत 24 वर आलं.

रॉटरडॅम करार (1998 चा, लागू 2004) असे बंदीचे निर्णय देशोदेशी कळवण्याची सोय करतो. 2013 मध्ये आचारसंहिता सुधारून शेतीपलीकडची, म्हणजे डासांवरची आणि घरगुती औषधंही नीट तिच्या कक्षेत आणली गेली.