नको असलेले मेल : कामागणिक वेगळे पत्ते की व्हाइटलिस्ट?

चादर, टॉवेल, युनिफॉर्मच्या व्यवसायातल्या आमच्या बहुतेक ग्राहकांचा एकच ईमेल पत्ता असतो. तोच व्हिजिटिंग कार्डावर, तोच मालाच्या खोक्यावर, तोच प्रदर्शनाच्या नोंदणीत. मग कर्जाच्या आणि वेबसाईट पहिल्या पानावर आणून देण्याच्या मेलांखाली जीएसटीची नोटीस दबून जाते. ‘स्पॅम बंद करून द्या’ म्हणून येणाऱ्यांपुढे आम्ही दोन मार्ग ठेवतो.

पहिला मार्ग कामागणिक वेगळ्या पत्त्यांचा. जीमेलमध्ये हे फुकटात जमते: पत्त्यात आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचे चिन्ह (+) आणि एखादा शब्द, समजा ‘प्रदर्शन’, इंग्रजी अक्षरांत जोडायचा. मेल नेहमीच्याच खात्यात येतो, पण कोणत्या पत्त्यावर आला ते दिसते, म्हणजे पत्ता कुठून फुटला ते कळते. मात्र काही वेबसाईट अधिकचे चिन्ह स्वीकारत नाहीत, आणि ईमेल पत्त्यांची यादी विकणाऱ्याला तेवढा भाग खोडून मूळ पत्ता काढणे अवघड नाही. स्वतःचे डोमेन, म्हणजे पत्त्यातले @ नंतरचे नाव, असेल तर खरेदी, निर्यात, प्रदर्शन असे खरेखुरे वेगळे पत्ते काढून ते एकाच इनबॉक्सला जोडता येतात. त्यातला एखादा नासला की तेवढाच बंद करायचा. उत्तर देताना ‘प्रेषक’ रकान्यात कोणता पत्ता आहे तेवढे बघा. तिथून मूळ पत्ता गेला तर सगळा खटाटोप वाया.

खोक्यावरचा पत्ता मात्र विचार करून ठरवा. छापील खोकी संपेपर्यंत तो बंद करता येत नाही.

दुसरा मार्ग व्हाइटलिस्टचा: यादीतल्यांचेच मेल आत, बाकीचे बाहेर. शांतता मिळते, हे खरे. पण तिरुपूरचा किंवा दुबईचा नवा खरेदीदार आपल्या यादीत असणार कसा? बँकेचे ओटीपी आणि स्टेटमेंटही नेहमी एकाच पत्त्यावरून येत नाहीत. शिवाय पाठवणाऱ्याचे नाव खोटे लावता येते. मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला का, हे बघायला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या असतात. पण जीमेलमध्ये नुसते ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’ असे फिल्टर लावले, तर त्या नावाचा बनावट मेलही सरळ इनबॉक्समध्ये येऊ शकतो. काही जण तर सगळ्या जीमेल पत्त्यांनाच परवानगी देऊन बसतात. ती यादी असून नसल्यासारखीच.

आमचे मत विचाराल तर विक्रीच्या पत्त्यावर व्हाइटलिस्ट नको, तिथे वेगळे पत्तेच बरे. अकाउंटच्या पत्त्यावर, जिथे सीए, बँक आणि ठरलेले सूत व्यापारी एवढ्यांचेच काम असते, तिथे ती शोभते. यादीबाहेरचे मेल तिथेही पुसून टाकू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या आणि रोज एकदा तो उघडा.

एका फसवणुकीपुढे दोन्ही मार्ग निकामी ठरतात. ओळखीच्या व्यापाऱ्याचे खाते हॅक होते आणि त्याच्याच खऱ्या पत्त्यावरून मेल येतो: ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे.’ पैसे पाठवण्याआधी जुन्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

वेगळे पत्ते काढायला येताना डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघून या. पुष्कळदा ते वेबसाईट करून दिलेल्या मुलाच्या नावावर असते, आणि तो मुलगा आता पुण्यात असतो.