घरगुती टर्बो आणि पेट्रोलचा हिशेब

एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात हवा कोंबायची, या कल्पनेचं, म्हणजे टर्बोचं, पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच घेतलं होतं. पुढे भंगारातल्या गाडीचा टर्बो उचलून आपल्या गाडीला जोडणं अमेरिकेतल्या हौशी मंडळींना फारसं जड गेलं नाही. थोडं वेल्डिंग, थोडे पाइप, झालं. गाडं अडायचं ते पेट्रोलपाशी.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब, चढला की मात्र ट्यूनर (इंजिन जुळवणारे) हे प्रमाण मुद्दाम ११.५ ते १२ वर आणतात. जादा पेट्रोलची वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते आणि नॉकिंगला (उरलेलं मिश्रण आपोआप भडकण्याला) आळा बसतो. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) राहिलं आणि नॉकिंग सुरू झालं, तर फुल थ्रॉटलवर काही सेकंदांतच पिस्टन जायबंदी होतो.

कारखान्यांनाही हे सोपं गेलं नव्हतं. १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबण्याचं प्रमाण, १०.२५ इतकं चढं होतं. नॉकिंग थोपवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण बूस्टमध्ये फवारलं जाई आणि त्याची टाकी मालकाने भरत राहायची. कित्येकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी होई, म्हणून इंजिन वाचे. पण टर्बोसाठी मोजलेले पैसे पाण्यात. दोन वर्षांत मॉडेल बंद पडलं.

घरी काम करणाऱ्याकडे मोजमापाचं साधन एकच, स्पार्क प्लग. काळा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढरा म्हणजे लीन, विटकरी म्हणजे ठीक. आपल्याकडच्या कार्बोरेटरच्या जमान्यातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला हे रंग तोंडपाठ असत. साध्या इंजिनाला ते पुरतंही. टर्बोत मात्र प्लग काढून बघेपर्यंत जे बिघडायचं ते बिघडलेलं असतं.

फ्युएल इंजेक्शन आलं तशी पंचाईत वाढली. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये हवा मोजायला झडप होती. ती पूर्ण उघडली की त्यापुढे आणखी हवा आली तरी कॉम्प्युटरला पत्ता नाही. यावर जुगाड निघाला तो बूस्टबरोबर इंधनाचा दाब चढवणाऱ्या रेग्युलेटरचा. पण इंजेक्टरमधून निघणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट पेट्रोल हवं तर दाब चौपट, म्हणजे ३ बारचे १२ बार! मूळ पंप तिथवर पोचतच नाही. थोड्याशा बूस्टपुरताच हा उपाय खरा.

एव्हाना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन ओळखणारा बॉशचा लॅम्डा सेन्सर आलेला होता. १९७६ मध्ये तो व्होल्वोत बसला. पण त्याचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) सांभाळण्याचं. १४.७ च्या आसपास त्याचा व्होल्टेज ०.१ वरून ०.९ कडे उडी मारतो, आणि टर्बोवाल्याला जिथे बघायचं असतं त्या १२ पाशी काटा जवळपास ढिम्म. तरीही लोकांनी त्यावर एलईडीचे मीटर लावले आणि हिरवा दिवा दिसला की निर्धास्त झाले. माझ्या मते प्लगच्या रंगापेक्षा हे जास्त घातक, कारण मीटरवर माणूस विश्वास टाकतो.

खरा फरक पडला तो २००० नंतर. १४.७ पासून दूरची प्रमाणंही नीट मोजणारा वाइडबँड सेन्सर प्रयोगशाळेतून बाहेर येऊन हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागला. २००१ मध्ये ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट, म्हणजे इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर, आणलं: बोर्ड आणि सुटे भाग विकत घ्यायचे, घरी सोल्डर करायचे, लॅपटॉप जोडायचा. त्याचा प्रेशर सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाचा एक बार वजा करता जवळजवळ दीड बार बूस्टपर्यंत वाचतो. पहिल्या आवृत्तीत पेट्रोलचा तक्ता ८ बाय ८ घरांचा होता. आडवे आरपीएम, उभा दाब. सुरुवातीला बूस्ट कमी, इग्निशन मागे (ठिणगी थोडी उशिरा) आणि बूस्टच्या ओळींत आकडे रिचच्या बाजूला ठेवायचे. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्ण जोर लावून पळवायची, थांबून लॉग (लॅपटॉपवरची नोंद) बघायचा आणि ज्या घरात आकडा चुकला तेवढंच घर बदलायचं.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याकडच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) साठी तेच १४.७ उतरून साधारण १३.५ होतं. वाइडबँड मुळात लॅम्डा, म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्षात किती हवा आहे ते, मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो, त्यामुळे ई२० भरलेलं असताना मीटरवरचा १२ हा खरा १२ नसतो. मीटर सरळ लॅम्डावर ठेवून बूस्टमध्ये ०.८ च्या आसपास राहिलं की पेट्रोल कुठलं भरलंय याने आकडेमोड बिघडत नाही.